सहामाही राखणदार

न्यू जर्सीच्या मधल्या पट्ट्यात, एडिसनपासून ब्रिजवॉटरपर्यंत कुठल्याही वस्तीत मे महिना लागला की दोन जीव हटकून दिसू लागतात. एक पांढऱ्या शेपटीचं हरीण, दुसरे पुण्याहून किंवा डोंबिवलीहून आलेले कुणाचे तरी वडील. हरणं बारमाही. वडील मात्र व्हिसाच्या हिशेबाने सहसा सहा महिन्यांचे. इथला भाजीपाल्याचा हंगामही मेच्या मध्यापासून ऑक्टोबरातल्या पहिल्या हिवापर्यंतच. तो व्हिसा आखणाऱ्याने शेती केली असावी असा माझा दाट संशय आहे.

आपण यांना तात्या म्हणू. तात्या सार्वजनिक बांधकाम खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेले. एके काळी त्यांच्या सहीशिवाय साधी मोरी बांधली जात नसे. इथे त्यांना गाडी चालवता येत नाही, टीव्ही लावायला नातू लागतो आणि घरातलं तापमान एका अंशाने वाढवलं तरी सूनबाईच्या फोनवर वर्दी जाते. पहिले काही दिवस ते डिशवॉशरमध्ये ताटं कशी लावावीत यावर तांत्रिक सूचना करून बघतात. मग एका सकाळी मागच्या दारात उभे राहून म्हणतात, "अरे, एवढी जागा नुसती पडीक?" त्या पडीक जागेवरचं गवत राखायला आपण दरमहा पैसे मोजतो, हे सांगण्याची मुलाची हिंमत होत नाही.

झालं. तात्यांना चार्ज मिळाला. भारतातून बियाणं आणायला सतरा भानगडी, म्हणून फोडणीच्या डब्यातल्या मेथ्या आणि बरणीतले धणे मातीत जातात. घेवड्याला काठ्या लागतात, भेंडीचे सरळ वाफे पडतात (दोरी धरून, लेव्हल तपासून). जूनमध्ये घेवडा कंबरेला येतो. सूनबाई फोटो काढून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकते. दुसऱ्या दिवशी सकाळी काठ्या तेवढ्या उभ्या असतात.

इथून पुढचे तात्या बघण्यासारखे. चाळिशी नाकावर ओढून ते वाफ्याशी उकिडवे बसतात आणि उरलेला देठ बोटाने वर करतात. देठाचं टोक फाटलेलं असतं, दोरे सुटलेले. हरणाला वरचे पुढचे दात नसतात, त्यामुळे ते पाला कातरत नाही, ओढून तोडतं. सशाने खाल्लं असतं तर सुरीने तिरका काप द्यावा तसं साफ दिसलं असतं. "ससा निर्दोष," तात्या निकाल देतात. नंतर एका जुन्या वहीत मेजरमेंट बुकासारखे रकाने आखून नोंद होते: तारीख, वाफा क्रमांक, नुकसान, शेरा. पंच म्हणून काकूंची सही. काकू पोळ्या लाटता लाटता पिठाच्या हाताने करतात.

नातू हरणाच्या बाजूने. त्याने १९४२ सालचा डिस्नेचा 'बॅम्बी' पाहिलेला असतो आणि अंगावर ठिपके असलेल्या दोन पाडसांना नावंही ठेवलेली असतात. तात्यांनाही एरवी हरणाचं वावडं नाही. शाकुंतलावर ते अर्धा तास बोलू शकतात. पण कण्वांनी आश्रमात घेवडा लावला नव्हता, हा त्यांचा मुद्दा मला बिनतोड वाटतो.

उपायांची फाईल जाड होत जाते. जुन्या मोज्यांत साबणाच्या वड्या घालून त्या काठ्यांना टांगल्या जातात. कटिंगच्या दुकानातून केस मागून आणण्यावर घरात मतभेद होतात. सडक्या अंड्याचा फवारा मिळतो आणि तो बऱ्यापैकी चालतो, पण पाऊस पडला की पुन्हा मारावा लागतो. जन्मभर घरात अंडं न येऊ दिलेले तात्या नाकाला उपरणं बांधून तो मारतात आणि नंतर सचैल स्नान करतात. कायोटीचं, म्हणजे इथल्या कोल्ह्या-लांडग्यांतल्या मधल्या भावाचं, मूत्र बाटलीत भरून विकतात. त्याची किंमत रुपयांत केल्यावर तात्या बराच वेळ गप्प होते. गोमूत्राचे भाव त्यांना ठाऊक होते.

संध्याकाळच्या फेरीत समदुःखी भेटतात. गुंटूरचे आजोबा तिखट शिंपडा म्हणतात, आणंदचे काका सगळं सोडून पुदिना लावा म्हणतात. रटगर्स विद्यापीठाने तर हरणांच्या आवडीनिवडीप्रमाणे झाडांचे चार वर्ग पाडून यादीच काढली आहे. वर्ग एक ते वर्ग चार! तात्यांचा जीव हरखला. पण यादी निघाली बागेतल्या शोभेच्या झाडांची. तिच्यात मेथी नव्हती. अळूला मात्र हरणं सहसा तोंड लावत नाहीत. खाजतं. चिंच-गूळ घालायची अक्कल त्यांना अजून आलेली नाही.

खरं औषध कुंपण. इथे तात्यांचा हुद्दा जागा होतो. हरीण आठ फुटांवरून उडी मारू शकतं आणि बऱ्याच गावांत परसातलं कुंपण सहा फुटांपर्यंतच बांधता येतं. मधल्या दोन फुटांसाठी तात्या नगरपालिकेला द्यायच्या अर्जाचे मसुदे करतात, मुलगा ते पाठवतो म्हणतो आणि पाठवत नाही. शेवटी चार-पाच फूट अंतर सोडून दोन ठेंगणी कुंपणं घालायची युक्ती निघते. हरणाला उंच उडी जमते, लांबही जमते, दोन्ही एकदम मारायला ते कचरतं. आतलं कुंपण जाळीचं. बाहेरचं काकूंच्या जुन्या साड्यांचं, आपल्याकडे रानडुकरांसाठी शेताला बांधतात तसं. शेजारच्या गोऱ्या बाई केक घेऊन आल्या आणि आज कसला सण आहे, असं विचारून गेल्या.

शिवाय चाहूल लागताच पाणी उडवणारं यंत्र. ते पहाटे नेमकं चाललं. समोर हातात तांब्या घेऊन सूर्याला अर्घ्य द्यायला उभे असलेले तात्या.

पूर्वी इथे असं नव्हतं, हे तात्यांचं लाडकं वाक्य यावेळी खरं आहे. १९०० च्या सुमाराला बेसुमार शिकारीने या राज्यातली हरणं जवळजवळ संपली होती. मग शिकारीवर बंधनं आली, बाहेरून हरणं आणून सोडली. लांडगे तर आधीच संपले होते. वर आपण जंगलाच्या कडेकडेने घरं बांधून दारोदार कोवळा पाला लावला. घरमालकाच्या परवानगीशिवाय त्याच्या घरापासून ४५० फुटांच्या आत शिकारीची बंदूक चालवता येत नाही. तात्यांनी पावलांनी मोजून पाहिलं: सगळी वस्ती त्या अंतरातच बसते. म्हणजे हरणाला सरकारी क्वार्टर मिळालेलं.

ऑक्टोबरात हिव पडतं, भेंडी काळी पडते, तात्यांचं तिकीट येतं. मुलाला रीतसर चार्ज दिला जातो: पाण्याची नळी एक, साबणाचे मोजे अकरा, साड्या (जीर्ण) सहा. मुलगा सही करतो. विमान उडायच्या आत सूनबाई साड्या काढते.

कोथरूडच्या कट्ट्यावर हिवाळाभर हेच चालतं. तिथे सोलापूरकडचे एक गृहस्थ बसतात. काळविटांच्या कळपाने त्यांची उगवलेली ज्वारी खाल्ली, असं ते एकदा मधेच म्हणाले. तात्यांनी शांतपणे विचारलं, "तुमच्याकडे कुंपणाला सहा फुटांची मर्यादा आहे का?"

नाही, ते म्हणाले.

"मग तुम्हाला काय कल्पना!" तात्या म्हणाले आणि घेवड्यावर परत आले.