परदेशी जाऊन सिनेमा कसा शिकावा: शिरूर-दौंडकरांसाठी मार्गदर्शन

हे मार्गदर्शन शिरूर आणि दौंड तालुक्यांतील अशा होतकरूंसाठी आहे, ज्यांच्याकडे पदवी आहे, दोन-चार लग्नांच्या शूटिंगचा अनुभव आहे आणि परदेशात सिनेमाचे पदव्युत्तर शिक्षण घेण्याचा हट्ट आहे. आपल्याकडे घोड किंवा भीमेचा पूल ओलांडला की जिल्हाच बदलतो. तेव्हा परमुलखाची भीती बाळगण्याचे कारण नाही.

प्रथम घरच्यांना कळवावे. चुलते विचारतील, ‘पुण्यात लॉ कॉलेज रोडला आहे की ती सरकारी संस्था, तिथं काय वाईट?’ काहीच वाईट नाही. ती 1960 पासून प्रभातच्या जागेत उभी आहे. प्रश्न रास्त असल्यामुळे उत्तर देऊ नये. विषय उसाच्या बिलाकडे वळवावा.

तो आपोआप पैशावर येतो. इथे मन घट्ट करावे. घरी आठ एकर बागायत असो, सातबारा कोरा असो, बँकेच्या साहेबाला शैक्षणिक कर्जासाठी शेतजमीन तारण म्हणून सहसा चालत नाही. वाघोलीतला वन बीएचके चालतो. ज्या घराण्याने वेळीच फ्लॅट घेतला नाही, त्याच्या पोराने सिनेमा शिकू नये, असा त्याचा अर्थ. कर्जाविना ब्रिटनला जायचे तर फी आणि नऊ महिन्यांपर्यंतचा राहण्या-खाण्याचा खर्च खात्यात सलग 28 दिवस पडून असल्याचे दाखवावे लागते, आणि खाते स्वतःचे किंवा आईवडिलांचे लागते. चुलत्यांच्या खात्यातले पैसे चालत नाहीत. एकत्र कुटुंब ही भानगड व्हिसा अधिकाऱ्याला अजून उमगलेली नाही. या 28 दिवसांत बोअर आटू देऊ नये, मोटार जळू देऊ नये आणि शक्यतो घरात कोणाचा साखरपुडा ठरू देऊ नये.

ज्याच्याकडे यातले काहीच नाही, त्याने चेक भाषा शिकावी. प्रागची ‘फामू’ ही 1946 सालची नामांकित शाळा. तिथे चेकमधून शिकणाऱ्याला फी पडत नाही. इंग्रजीचे क्लास तालुक्याला पायलीला पन्नास आहेत, चेकचा एकही नाही, एवढीच अडचण.

अर्जासोबत स्वतः केलेली फिल्म मागतात. लग्नाच्या व्हिडिओतून बदामात उघडणारे फोटो आणि वरून पडणाऱ्या पाकळ्या आधी काढाव्यात. वरातीत ड्रोन उडवल्याचे सांगावे. तो मांडवाच्या झालरीत अडकल्याचे सांगू नये. दौंड जंक्शनवर शूटिंगचा मोह होईल, पण रेल्वेची लेखी परवानगी घ्यावी. निवेदनात ‘लहानपणापासून सिनेमाची आवड’ हे लिहू नये, ती सगळ्या जगाला असते. त्यापेक्षा चौफुल्याच्या कलाकेंद्रात दोन बैठकींच्या मधल्या वेळात ढोलकीवाला काय करतो, ते लिहावे.

तिकडे पोचल्यावर वर्गातला प्रत्येक जण आलटून-पालटून सगळी कामे करतो. आजचा दिग्दर्शक उद्या माइकचा दांडा धरून उभा. शिवाय शूटिंगआधी धोक्यांचा तक्ता भरून द्यावा लागतो: वायरला कोणी अडखळेल का, दिवा कलंडेल का. शिरूरचा जो गडी रात्रीच्या लाइटीला बॅटरी घेऊन उसात दारे धरायला गेला आहे आणि शेजारच्या सरीत बिबट्या असेल की नसेल याचा अंदाज घेत उभा राहिला आहे, त्याने हा तक्ता भरताना हसू नये. शिक्षकांना ते आवडत नाही.

या विषयातला आदर्श अभ्यासक्रम अर्थात दादासाहेब फाळक्यांचा. 1912 साली विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून ते लंडनला गेले, सेसिल हेपवर्थच्या स्टुडिओत काम पाहिले, विल्यमसन कॅमेरा घेतला आणि दोनेक महिन्यांत परत. आल्यावर वाटाण्याचे रोप वाढताना एकेक फ्रेम टिपले, ते पाहून भांडवलाला माणूस तयार झाला, आणि 1913 मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. आपल्या भागातल्या उमेदवाराने या कामासाठी ऊस निवडू नये. आडसालीला दीड वर्ष लागते, तेवढा दम पैसेवाल्याला नसतो. मेथी बरी.

व्हिसा नाकारलाच तर घोड ओलांडून नगरला जावे. नागराज मंजुळे तिथल्या न्यू आर्ट्स कॉलेजात संज्ञापन शिकले.

परदेशी पदवी घेऊन आल्यावर पहिले काम मामेभावाच्या लग्नाचे येईल. नाही म्हणू नये. मात्र शूटिंग आहेरात धरू देऊ नये, आणि निम्मे पैसे हळदीच्या आदल्या दिवशी रोख घ्यावेत.