चुळबुळ आणि तिचे भाष्यकार

चुळबुळ म्हणजे बसल्या जागी, विनाकारण आणि बहुधा नकळत होणारी शरीराची बारीकसारीक हालचाल. पाय हलवणे, पेनाचे टोपण काढणे-लावणे, अंगठी फिरवणे, नखे कुरतडणे, पदराचे टोक बोटाला गुंडाळणे आणि किल्ल्यांचा जुडगा वाजवणे हे तिचे प्रचलित प्रकार. व्याख्येतले 'विनाकारण' हे चुळबुळ करणाऱ्यापुरते. पाहणाऱ्याकडे कारण कायम तयार असते: मुलगा घाबरट आहे, बाई काहीतरी लपवते आहे, माणसाला वळण नाही. चुळबुळ सगळेच करतात, तरी तिचा अर्थ लावण्याचा अधिकार मोजक्यांकडेच असतो. घरातली वडीलधारी माणसे, शाळेतले मास्तर, होऊ घातलेली सासू, मुलाखत घेणारे साहेब, फौजदार आणि अलीकडे दूरचित्रवाणीवरचे देहबोलीतज्ज्ञ, असा हा भाष्यकारवर्ग आहे.

चुळबुळीवरचा पहिला सरकारमान्य हल्ला इयत्ता पहिलीत होतो. त्याचे घोषवाक्य 'हाताची घडी, तोंडावर बोट'. घडी घातलेल्या हाताचेच बोट तोंडावर न्यायचे कसे, हा सहा वर्षांच्या मुलापुढचा खरा पेच असतो. तो सोडवताना एक हात सुटतो, दुसरा लोंबकळतो, कोपर शेजाऱ्याच्या बरगडीला लागते. आज्ञा पाळताना झालेली ही हालचाल शिक्षेला पात्र धरली जाते. 'याचं बूड एका जागी टिकत नाही' हा शेरा पालकसभेत मिळतो तो याच्याच जोरावर.

घरी कलम वेगळे लागते. बसल्या बसल्या पाय हलवला की घरातली लक्ष्मी जाते, असे आजी सांगते. मात्र बसून राहिल्यावर पायांत काय होते, हेही पाहायला हवे. हृदयाकडून खाली आलेले रक्त परत वर ढकलायला पोटऱ्यांच्या स्नायूंची मदत लागते, आणि माणूस पुतळ्यासारखा बसला की ती मदत थांबते. अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठात २०१६मध्ये ११ निरोगी तरुण-तरुणींना तीन तास बसवून ठेवले. एक पाय मिनिटभर हलवायचा, चार मिनिटे थांबवायचा. दुसरा अजिबात हलवायचा नाही. स्थिर पायाच्या रक्तवाहिनीचे काम मंदावले, हलणाऱ्या पायाचे सुधारले. लक्ष्मीचे काय झाले याची नोंद त्या शोधनिबंधात नाही.

त्याआधी १९९९मध्ये मेयो क्लिनिकच्या जेम्स लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी १६ जणांना आठ आठवडे रोज हजार कॅलरी जादा खाऊ घातल्या. कुणाच्या अंगावर जेमतेम ०.३६ किलो चरबी चढली, तर कुणाच्या ४.२३ किलो. हा फरक मुख्यतः व्यायामाव्यतिरिक्तच्या हालचालींमुळे पडला, आणि चुळबुळ त्यातच मोडते. म्हणजे ज्याला आयुष्यभर 'जरा स्वस्थ बस' असे बजावले गेले, तोच लग्नाच्या पंगतीत चार जिलब्या जास्त खाऊन सडपातळ राहतो. बजावणारे बहुधा सडपातळ नसतात.

काही पाय खरोखरच आजारी असतात. संध्याकाळी टेकले की पायांत काहीतरी वळवळल्यासारखे होते आणि ते हलवल्याशिवाय चैन पडत नाही. स्वीडनच्या कार्ल-अक्सेल एकबोम यांनी १९४५मध्ये या विकाराचे सविस्तर वर्णन केले. शरीरात लोह कमी असणे हे त्याचे एक महत्त्वाचे कारण. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. तेव्हा सुनेचे पाय रात्री स्वस्थ नसतील, तर तिच्या वळणाची चौकशी करण्याआधी हिमोग्लोबिन तपासून घ्यावे.

शरीरानंतर मनाकडे वळता येते, आणि इथे या विषयाचे आद्य पुरुष भेटतात. फ्रान्सिस गाल्टन हे चार्ल्स डार्विनचे आतेभाऊ-मामेभाऊ नात्यातले, मोजता येईल ते सगळे मोजत सुटलेले गृहस्थ. माणसांची पैदास सुधारण्याचे घातक शास्त्रही त्यांचेच, पण तो हिशेब इथे नको. एकदा ते भरगच्च सभेत अडकले. व्याख्यान कंटाळवाणे होते. मग त्यांनी समोर दिसणाऱ्या सुमारे पन्नास श्रोत्यांची चुळबुळ मोजायला घेतली. घड्याळ काढले तर लोकांच्या डोळ्यांवर येते, म्हणून वेळ मोजली स्वतःच्या श्वासांनी. त्यांचे मिनिटाला पंधरा श्वास होत. आकडा आला मिनिटाला ४५, म्हणजे माणशी मिनिटाला जवळपास एक. वक्त्याने मध्येच काही ऐकण्याजोगे सांगितले की तो निम्म्याहून खाली येई. २५ जून १८८५च्या 'नेचर'मध्ये हा हिशेब छापून आला.

गाल्टन यांच्या लक्षात आलेली गोष्ट आजही कुठल्याही सभागृहात पाहता येते. मन रमले की श्रोते ताठ आणि सारख्या अंतराने बसतात. कंटाळले की डोकी डावी-उजवीकडे झुकू लागतात आणि रांगेची ओळ मोडते. थोडक्यात, चुळबुळीचे माप लागते ते वक्त्याला. आपल्याकडे मात्र नोंद उलटी ठेवतात. सत्कार समारंभात दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, परिचय, पुष्पगुच्छांच्या दोन फेऱ्या आणि 'मी फार वेळ घेणार नाही' या वाक्यानंतरची चाळीस मिनिटे पार पडली, की मागच्या रांगेतल्या खुर्च्या करकरू लागतात. त्यावर अध्यक्ष म्हणतात, 'हल्लीच्या पिढीकडे ऐकण्याचा संयम राहिला नाही.' संपूर्ण निश्चल असा एकच श्रोता पहिल्या रांगेत असतो. तो झोपलेला असतो, आणि छायाचित्रात तो सर्वांत एकाग्र दिसतो.

चुळबुळणारा ऐकत नाही, हेही गृहीतच आहे. जॅकी अँड्रेड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००९मध्ये चाळीस जणांना एक रटाळ ध्वनिमुद्रित निरोप ऐकवला. निम्म्यांना ऐकता ऐकता कागदावरचे चौकोन-गोल रंगवायला दिले होते. या गिरगोटेवाल्यांना २९ टक्के जास्त तपशील आठवला. मन हातभर अंतरावर गुंतवून ठेवले की ते कोसभर लांब पळत नाही, असा त्याचा एक अर्थ लावतात. बँकेच्या बैठकीत वहीच्या समासात गणपती काढणाऱ्या अधिकाऱ्याला मात्र हा शोधनिबंध अजून उपयोगी पडलेला नाही.

शरीर आणि कंटाळा यांनंतरचे तिसरे कारण ताण. निको टिनबर्जेन यांना १९७३चे नोबेल विभागून मिळाले, ते प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासासाठी. काटेरी पाठीच्या एका लहान माशावर त्यांनी बरेच काम केले. आपल्या हद्दीच्या सीमेवर दुसरा नर दिसला की या माशापुढे लढावे की पळावे असा पेच पडतो. अशा वेळी तो दोन्ही सोडून डोके खाली करतो आणि वाळू खणू लागतो. वाळूचा त्या भांडणाशी काही संबंध नसतो. साहेबांनी 'मागच्या तिमाहीचं काय झालं?' असे विचारल्यावर टेबलावरचे सरळच असलेले कागद पुन्हा सरळ करणारा कर्मचारी हा त्याच कुळातला. ब्रिटनमधल्या एका अभ्यासात (२०१३) परीक्षकांपुढे भाषण आणि तोंडी गणित करताना डोके-चेहरा जास्त खाजवणाऱ्या पुरुषांना कमी ताण जाणवल्याचे दिसले. स्त्रियांत हा फायदा आढळला नाही. निदान पुरुषांच्या बाबतीत, डोके खाजवणे हे ताणावरचे घरगुती औषध ठरते. पाहणारा त्यालाच रोग समजतो.

गैरसमजाचे सर्वांत समृद्ध दालन म्हणजे कांदेपोहे. मुलगी पायाच्या अंगठ्याने सतरंजी उकरते आहे. ती लाजाळू आणि संस्कारी ठरते. मुलगा हातातला मोबाइल टेबलावर चक्रासारखा फिरवतो आहे. तो चंचल, याची नोकरी टिकायची नाही. वस्तुस्थिती अशी, की मुलीच्या निऱ्यांतली पिन सुटून टोचते आहे आणि सर्वांसमोर ती नीट करण्याची सोय नाही. मुलगा नाशिकहून कसारा घाट उतरून ठाण्याला आला आहे, वाटेत कुठे थांबलेला नाही, आणि यजमान चहाचा दुसरा कप पुढे करत आहेत. पसंतीचा निकाल पिन आणि कप यांवर लागतो. या सगळ्या वेळात मुलाची आई बांगड्या मागे-पुढे करत असते. तिच्याबद्दल कोणी काही ठरवत नाही.

अर्थ हालचालीचा लावला जात नाही, जागेचा लावला जातो. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात मांडीवर बोटे आपटणारा दर्दी रसिक समजला जातो. तीच बोटे सोमवारी कचेरीच्या टेबलावर वाजली की माणूस बेचैन ठरतो. तहसील कचेरीत चार आसने एकाच लोखंडी दांड्याला जोडलेली असतात. तिसऱ्या आसनावरच्याने पाय हलवला की पहिल्यावरच्याच्या कागदी कपातल्या चहावर वलये उठतात. दुसऱ्यावरचा वर्तमानपत्राआडून बघतो आणि मनात म्हणतो, 'याच्या सातबाऱ्यात काहीतरी घोळ आहे.' घोळ असतोच, पण तो तलाठ्याकडे झालेला असतो. गर्दीच्या वेळची विरार लोकल हे चुळबुळीपासून मुक्त असे एकमेव सार्वजनिक ठिकाण. तिथे हलायला जागाच नसते, आणि तेवढ्यापुरते सगळेच निर्दोष.

चोराच्या मनात चांदणे ही म्हण खरी असेलही, पण चांदणे बाहेरून दिसत नाही. खोटे ओळखण्याच्या प्रयोगांचा मोठा आढावा बाँड आणि डीपॉलो या मानसशास्त्रज्ञांनी २००६मध्ये घेतला. माणसांचे अंदाज शंभरात ५४ वेळा बरोबर आले. नाणे उडवून ५० मिळतात. अनुभव, पारखी नजर आणि पांढरे केस यांची मिळून कमाई चार. खोटे बोलणारा जास्त चुळबुळतो ही समजूतही पडताळणीत टिकली नाही. काही प्रयोगांत खोटे बोलताना हातांची हालचाल उलट कमी झालेली आढळली, कारण खोटे रचायला लक्ष लागते आणि सराईत माणूस स्वतःवर नजर ठेवून असतो. मुलाखतीला हात टेबलावर ठेवून खांबासारखा बसणारा उमेदवार हे वर्गात पैसे भरून शिकलेला असतो. त्याला 'आत्मविश्वासू' असा शेरा मिळतो.

हीच समजूत अमेरिकेने सरकारी खर्चाने वापरून पाहिली. विमानतळांवर प्रवाशांचे वर्तन न्याहाळून धोकादायक माणूस हेरण्याच्या कार्यक्रमावर २००७पासून सुमारे ९० कोटी डॉलर गेले. २०१३मध्ये तिथल्या सरकारी लेखापरीक्षकांनी अहवाल दिला की अशा खुणांवरून फसवणूक ओळखण्याची माणसाची क्षमता योगायोगाइतकी किंवा किंचित जास्त आहे. २०१५मध्ये खुणांची यादी फुटली, तेव्हा तीत जास्तीच्या जांभया, घसा खाकरणे, शिट्टी वाजवणे आणि चुळबुळ होती. पहाटे चारच्या विमानाला आलेला कोणताही प्रवासी या यादीत बसतो, तपासणाराही बसतो.

आपल्याकडे वर्तन न्याहाळण्याला कायद्याचा आधार आहे. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २८० नुसार साक्ष नोंदवताना साक्षीदाराच्या वर्तनाबद्दल महत्त्वाचे वाटतील ते शेरे न्यायाधीशांनी लिहून ठेवायचे असत. १ जुलै २०२४ रोजी संहितेची जागा नव्या कायद्याने घेतली, तरी ही तरतूद कायम आहे. साक्षीदार पिंजऱ्यात उभा असतो, आयुष्यात पहिल्यांदा. सकाळी अकराला बोलावलेले, पुकारा होतो साडेचारला. तो रुमाल पिळतो, कठड्यावरचा रंग नखाने खरवडतो, त्याची नोंद होऊ शकते. समोर उंचावर पेनाचे टोपण काढले-लावले जात असते. त्याविषयी कलमात काही म्हटलेले नाही.