दहा हजारांचा उजेड

आषाढ लागला की आमच्या घरात दोन गोष्टी सादळतात. पापड आणि मी. पापड निखाऱ्यावर धरला की ताळ्यावर येतो, माझ्यावरचे सौ.चे सगळे इलाज मात्र थकलेत. सकाळी मानखुर्दला लोकलमध्ये बसून, सीएसएमटीला न उतरता, त्याच गाडीने झोपेत परत मानखुर्दला येण्याचा पराक्रम मी एकाच महिन्यात दोनदा केला आहे.

हे ऐकून लीड्सहून मेहुणा व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "भाऊजी, हा सॅड आहे."

"हो रे, थोडं सॅडच वाटतंय."

"तसं नाही हो! सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर!"

मग त्याने माझा वर्गच घेतला. जोहान्सबर्गहून अमेरिकेत गेलेल्या नॉर्मन रोझेन्थल नावाच्या डॉक्टरला तिथल्या हिवाळ्यात स्वतःलाच मरगळ येते हे जाणवलं. 1984 साली त्याने आणि सहकाऱ्यांनी या आजाराचं वर्णन करून उजेडाचा उपाय मांडला. आज त्यासाठी खास दिवे मिळतात. 10,000 लक्सचा दिवा, सकाळी उठल्याबरोबर, चेहऱ्यापासून हातभर अंतरावर, अर्धा तास.

मी यातलं फक्त 'दहा हजार' ऐकलं. त्यामुळे दिवा साडेसहा हजारांत मिळाला तेव्हा साडेतीन हजार वाचवल्याच्या आनंदात माझी मरगळ दोन दिवस गेलीच होती. तिथेच थांबायला हवं होतं.

पण सकाळी उठल्याबरोबर आमच्याकडे पाणी येतं. पिंप भरायचं की उजेड घ्यायचा, या वादात मी हरलो आणि उपचार रात्री साडेआठला ढकलला. शिवाय एकट्याने दहा हजार लक्स खाणं बरं दिसेना, म्हणून दिवा कपाटावर चढवला. म्हटलं, 225 चौरस फुटांत चार माणसं आहेत, सगळ्यांनाच लाभ होऊ दे. अंतर दुप्पट झालं की उजेड चौपटीने घटतो, हे मी दहावीला पाठ केलं होतं. मार्कही मिळाले होते.

परिणाम ताबडतोब दिसला. पावसाळी पाखरांचा थवा आत घुसून थेट आमटीत उतरला. धाकट्याचा रखडलेला गृहपाठ संपला. आणि मी रात्री तीनपर्यंत टक्क जागा राहू लागलो. डोळ्यांनी मेंदूला 'उजाडलं' असा निरोप दिला की झोपेची वर्दी देणारं मेलॅटोनिन दबतं. सकाळी हेच हवं असतं. रात्री मी त्या बिचाऱ्या मेंदूला रोज नव्याने उठवत होतो. दीप अमावस्येला सौ.ने समया-निरांजनांच्या रांगेत तो दिवाही पाटावर मांडला, हळदकुंकू वाहिलं आणि हात जोडून म्हणाली, "यांना झोप लागू दे."

शेवटी डॉक्टरांकडे गेलो. डोळ्यांचा काही आजार आहे का, मन कधी अचानक फार चढतं का, हे त्यांनी आधी विचारलं. अशा लोकांनी विचारल्याशिवाय हा दिवा लावू नये म्हणे. मी म्हटलं, "निदान ड जीवनसत्त्व तरी मिळालं असेल?" नाही. या दिव्यातले अतिनील किरण गाळलेले असतात. मग त्यांनी हिशोब सांगितला: लीड्सला डिसेंबरात दिवस जेमतेम साडेसात तासांचा. मुंबईचा सगळ्यात लहान दिवससुद्धा 11 तासांचा.

"तुम्हाला सॅड नाही, जागरण आहे. दिवसा उजेडात बसत चला."

कुठल्या उजेडात? आमची पुनर्वसनाची इमारत, दुसरा मजला. समोरची इमारत इतकी जवळ की त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या मोजून सौ. आमचा गॅस बंद करते. भरदुपारी खिडकीत मोबाइल धरला, तर ॲपने 60 लक्स दाखवले. हा विनोद आमच्या एकट्याच्या घरचा नाही. 'डॉक्टर्स फॉर यू' आणि आयआयटी मुंबईने इथल्या लल्लूभाई कंपाउंडसह तीन वसाहतींचा अभ्यास करून, ऊन-वारा न पोचणारे खालचे मजले आणि क्षयरोग यांचं नातं दाखवलेलं आहे. माझी तर नुसती मरगळ.

मी गच्चीची किल्ली मागायला गेलो. "कशाला हवी?" सेक्रेटरींनी विचारलं. "उजेड खायला." त्यांनी सौ.ला फोन लावून खात्री करून घेतली. वर आकाश काळवंडलेलं, देवनारच्या कचऱ्याचा वास, पलीकडे खाडी. ॲप म्हणालं, 14,000 लक्स. ढगांतून. फुकट.

खाली आलो तर समोरच्या काकू ग्रिलला टेकून उभ्या. "दादा, तो दिवा बंद केला का हो? माझी तुळस बघा!" तुळस पाहिली. ती माझ्या खिडकीकडे चक्क वाकली होती आणि तिला नवी पानं फुटली होती. साडेसहा हजारांच्या उपचाराने एक पेशंट बरा झाला होता.

दिवा आता काकूंच्या खिडकीत आहे. विजेचं बिल त्या भरतात. मी रोज सकाळी सात ते साडेसात गच्चीवर असतो, छत्री घेऊन. पिंप सौ. भरते, आणि ते ती रोज ऐकवते.