उंडेवाल्या काकू

प्रत्येक सोसायटीत एक तरी काकू अशा असतात, ज्यांच्या फ्रीजरमध्ये बर्फाला जागा नसते. तिथे अळूवडीचे उंडे असतात.

श्रावण लागला की या काकूंच्या अंगात येतं. भाजीचा अळू फदफद्यापुरता. वडीला त्यांना काळ्या देठाचंच पान लागतं. मंडईत पहिला प्रश्न ठरलेला.

"खाजरा नाही ना गं?"

"नाही ओ काकू, घरचाच हाय."

"मागच्या वेळीही घरचाच होता!"

अळूतल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या टोकदार स्फटिकांनी घसा खवखवतो आणि चिंचेनं तो त्रास कमी होतो, हे विज्ञान काकूंच्या गावी नाही. "चिंच सढळ हातानं घाला," एवढंच त्या सांगतात आणि आजवर त्यांच्या वडीनं कुणाचा घसा धरलेला नाही.

घरच्यांना कामं पात्रतेनुसार मिळतात. सुनेनं पानं पुसायची. मुलानं पालथ्या पानावर लाटणं फिरवून शिरा दाबायच्या. बेसन, थोडी तांदळाची पिठी, चिंचगुळाचा कोळ, तिखट, गोडा मसाला, तीळ हे सगळं कालवून पानाला फासण्याचा मान मात्र खुद्द काकूंचा. सर्वांत मोठं पान खाली, दुसऱ्याचा शेंडा पहिल्याच्या देठाकडे, अशी चार-पाच पानांची चवड झाली की कडा दुमडून घट्ट गुंडाळी. मग मोदकपात्रात वीसेक मिनिटं. सुरी खुपसून कोरडी निघाली की उंडा झाला. पण गार होईपर्यंत कापायचा नाही, नाहीतर पदर सुटतात. त्यात नागपंचमी आली की विचारूच नका. त्या दिवशी उकडलेलं चालतं, पण चिरायचं नाही आणि तळायचंही नाही. घरभर वास आणि ताटात काही नाही.

तसं इतर दिवशीही ताटात फार काही येतं असं नाही. "हात लावू नका, ते ठेवणीतले आहेत!" काकांच्या वाट्याला फक्त टोकं, तीही पीठ नसलेली. लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण उंड्याचा मधला भाग त्यांनी पाहुण्यांच्याच बशीत पाहिला असावा.

बाकीचे उंडे प्लास्टिकमध्ये गुंडाळून, डबाबंद होऊन आत जातात. खालच्या कप्प्यात ते तीन-चार दिवस टिकतात, फ्रीजरमध्ये महिनाभर. डब्यांवर तारखा नसतात, चिठ्ठ्या असतात: 'गौरीचे', 'जावईबापू', 'अचानक कोणी आलं तर'. बेल वाजली की पाहुणा पाहून कापाची जाडी ठरते. विहीणबाईंना बोटभर जाड, खरपूस तळलेले, वर ओलं खोबरं आणि कोथिंबीर. सोसायटीच्या सेक्रेटरींना तव्यावर परतलेले पातळ काप, मोजून दोन. लिफ्ट बंद असेल तर एकच.

वीज गेली की मात्र काकू हवालदिल होतात. मेणबत्ती शोधायच्या आधी फ्रीजसमोर उभ्या राहतात. "दार उघडू नका रे, गारवा जाईल!" चार तास असा पहारा चालतो. त्यानंतरही दिवे आले नाहीत की नाइलाजानं कढई चढते आणि 'जावईबापू'सकट सगळे उंडे तळून विंगमध्ये वाटले जातात.

त्यामुळे आमच्या विंगमध्ये वीज गेली की तक्रारीचा फोन करायची घाई कोणी करत नाही.