काट्यावर उभं कोण?

उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांना पुणे शहराने १९८१ पासून बरंच काही दिलं. कचरा दिला, माश्या दिल्या, विहिरींच्या पाण्याला रंग दिला, आणि विहिरी कामातून गेल्यावर टँकर दिला. आश्वासनं तर घाऊक भावात. दिला नाही तो एवढाच हक्क: कचरा डेपोच्या फाटकाच्या आत उभं राहून ‘हे काय चाललंय?’ असं विचारायचा.

तो कागदावर तरी आहे का, म्हणून नियम चाळले. २०१६ च्या घनकचरा नियमांनी फर्मावलं होतं की, भरावभूमीच्या हद्दीपासून ५० मीटरच्या आतलं भूजल उन्हाळ्यात, पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर तपासावं. उत्तम. वार्षिक अहवाल कुणाकडे जाणार होता? प्रकल्पवाला ३० एप्रिलपर्यंत पालिकेला देणार, पालिका ३० जूनपर्यंत पुढे पाठवणार, राज्याचं प्रदूषण मंडळ ३१ जुलैपर्यंत केंद्रीय मंडळाला कळवणार. कचरा फुरसुंगीत, अहवाल दिल्लीत. मधे ज्याची विहीर आहे, त्याच्या दारात थांबायची अहवालाला सवड नव्हती. राज्य पातळीवर सल्लागार मंडळाचीही तरतूद होती. त्यात सचिव, अधिकारी, तज्ज्ञ. डेपोच्या शेजाऱ्यासाठी राखीव खुर्ची नव्हती. वास येतो त्याचं मत घ्यायचं नाही, हा आपल्याकडे शास्त्रीय दृष्टिकोन.

मग त्रयस्थ तपासणी नावाचा उतारा निघाला. या त्रयस्थाला नेमतं कोण? पालिका. बिल कोण देतं? पालिका. वरपक्षाने पोसलेला पंच वधूपक्षाची बाजू किती घेईल, हे लग्नं पाहिलेल्यांना सांगायला नको.

आता कचऱ्याचे जुने डोंगर उपसायचा हंगाम आहे, म्हणजे बायोमायनिंग. मुंबईत देवनारला, पुण्यात फुरसुंगीला, बहुतेक शहरांत हाच मंत्र. याची बिलं टनावर निघतात, त्यामुळे डेपोतली सर्वांत महत्त्वाची जागा म्हणजे वजनकाट्याची केबिन. खिडकीत ऑपरेटर, समोर संगणक, बाजूला प्रिंटर. डंपर काट्यावर चढतो, आकडा लुकलुकतो, स्थिरावतो. भरलेली गाडी म्हणजे ग्रॉस, रिकामी म्हणजे टेअर, वजाबाकी म्हणजे नेट. पावती फाडली, की जनतेचा पैसा हलला. पावसात भिजलेला कचरा जड भरतो, चाळणीतून निघालेली माती त्याहून जड. कंत्राटदार म्हणतो काढला, पालिका म्हणते मोजला, डोंगर काही बोलत नाही. त्या खिडकीपाशी गावातला एक माणूस वही घेऊन उभा केला तर कुणाचं काय बिघडेल? ज्यांचं बिघडेल, त्यांची यादी करणं हीसुद्धा देखरेखच झाली.

हा माणूस नसल्यामुळे लोकांच्या हाती देखरेखीचं एकच हत्यार उरतं: रस्त्यात आडवं होणं. एप्रिल २०१७ मध्ये डेपोला आग लागली, धुराने गावं कोंडली आणि गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या. वीसहून अधिक दिवस पुण्यात कचरा तुंबला, तेव्हा कुठे मुख्यमंत्र्यांच्या दारी बैठक लागली. त्याच वर्षी ऑक्टोबरात दोन्ही गावं महापालिकेत घेतली. म्हणजे ज्यांच्यावर कचरा पडतो, त्यांनी त्याचा करही भरायचा. कर झेपेना म्हणून ओरड झाली, तेव्हा २०२४ मध्ये त्यांना बाहेर काढून वेगळी नगरपरिषद केली. गावं आत गेली, बाहेर आली. डेपो महापालिकेचा होता, महापालिकेचाच राहिला.

छत्रपती संभाजीनगरची गोष्ट तर याहून बोलकी. फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगावच्या कचरा डेपोच्या परिसरातल्या गावांनी ‘आता बस’ म्हटलं आणि शहराचा कचरा शहरातच राहिला. पालिकेने जागा शोधत मिटमिट्याकडे गाड्या वळवल्या. तिथे दगड पडले, लाठ्या पडल्या, आणि धूर निवेपर्यंत पोलीस आयुक्त आणि पालिका आयुक्त दोघेही खुर्चीवर नव्हते. पण मग काय झालं? चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल, कांचनवाडी इथे प्रक्रिया केंद्रांची कामं हाती आली. ओला-सुका वेगळा करा, हे शहराला पटलं. वर्षानुवर्षं अशक्य असलेलं सगळं, गाड्या अडताच शक्य. आता कोण म्हणेल, गावकऱ्यांना तांत्रिक विषय कळत नाहीत?

अर्थात गावही धुतल्या तांदळाचं नाही. देखरेख समिती नेमली की पहिल्या खुर्चीवर पुढाऱ्याचा भाचा बसतो, आणि महिन्याभरात भाच्याचा डंपर डेपोवर लागतो. हे टाळायचं तर समितीत टँकरच्या रांगेत हंडा घेऊन उभ्या राहणाऱ्या बायका हव्यात. पाण्याचा नमुना त्यांना प्रयोगशाळेच्या आधी कळतो. आणि शहरातल्या वाचकांनी फार हसू नये. डायपर, शिळी भाजी आणि फुटकी काच एकाच पिशवीत बांधून घंटागाडीत भिरकावणारे आपणच.

सरकार समिती कधी नेमेल ते नेमेल. तोवर ज्यांच्या शिवाराला डेपो लागून आहे, त्यांनी माहिती अधिकार कायदा २००५ चं कलम २ वाचावं. त्यात माहितीच्या अधिकाराची जी व्याख्या आहे, तिच्यात नुसत्या झेरॉक्स येत नाहीत. कामाची पाहणी करणं आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणं हेही येतं. तेव्हा अर्जात तीन गोष्टी मागा: डेपोतल्या कामाची पाहणी, तिथे साठलेल्या काळ्या पाण्याचा नमुना, आणि मागच्या सहा महिन्यांच्या काटापावत्या. अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायला विसरू नका.