दोन रात्री, तीन दिवस, पंचवीस वर्षं

अंधेरीच्या मॉलमध्ये लकी ड्रॉचं कूपन भरलं की गाडी कुणालाच लागत नाही. सुट्टी मात्र सगळ्यांना लागते. 'सर, दोन रात्री, तीन दिवस फ्री! फक्त मॅडमना घेऊन या.' मॅडम हव्यातच, कारण 'घरी विचारून सांगतो' ही आपली शेवटची ढाल काढून घ्यायची असते. मग एसीत बसून रिसॉर्टच्या २५ वर्षांच्या सदस्यत्वाचं गणित ऐकायचं. पोराची शाळा ठरलेली नसते, पण त्याच्या लग्नापर्यंतच्या सुट्ट्या ठरतात!

सवलत खरी असते, पण सोमवार ते गुरुवार. मे, दिवाळी, नाताळ वगळून. मूल मोफत, त्याची गादी नाही. पोहायचा तलाव आहे, पण नायलॉनचा पोशाख सक्तीचा, आणि तो तिथल्याच दुकानात मिळतो. देखभालीचं वार्षिक शुल्क तर गेलात, न गेलात, भरायचंच.

लहान मुलाला पाणी, वाळू आणि मोकळे आईबाप लागतात. अलिबागच्या घरगुती खोलीतही एवढं भागतं. करार घरी नेऊन वाचायला देत नसतील, तर उठा. सही झालीच असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.