अखंड ब्लॅकआउटचे मानकरी

७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाची मॉक ड्रिल झाली. महाराष्ट्रातल्या सोळा ठिकाणांची यादी निघाली. मुंबई, उरण, तारापूर, पुणे, नाशिक अशी महत्त्वाची नावे तिच्यात होती. सातारा आणि सांगली हे जिल्हे मात्र नव्हते. इकडच्या काही मंडळींना ते लागले. ज्या साताऱ्यातल्या एकट्या अपशिंगे गावाने पहिल्या महायुद्धात ४६ माणसे गमावली, त्या जिल्ह्याला युद्धाच्या सरावातून वगळावे, ही त्यांची तक्रार. मला यादी करणाऱ्यांचा निर्णय अगदी रास्त वाटतो. सराव ज्यांना नसतो त्यांच्यासाठी असतो. दिवे घालवून निमूट बसणे, इंधन पुरवून वापरणे, देशाचे काम अडू नये म्हणून आपले काम अडवून धरणे या तिन्ही गोष्टी इकडच्या गावांना इतक्या अंगवळणी पडल्या आहेत, की भोंगा वाजवायला सरकारी माणूस पाठवणे हा प्रवासखर्चाचा अपव्यय ठरला असता.

शहरांनी केलेला त्याग कमी होता असे मी म्हणत नाही. १९६५ मध्ये शास्त्रीजींनी आठवड्यातले एक जेवण सोडायला सांगितले आणि सोमवारी संध्याकाळी पुष्कळ घरांत चुली पेटल्या नाहीत. १९७१ च्या डिसेंबरात मुंबईकरांनी खिडक्यांना काळे कागद चिकटवले, मोटारींचे दिवे अर्धे काळे रंगवले आणि ३ तारखेपासून शस्त्रसंधीपर्यंत अंधार पाळला. ते पंधरा दिवस लोक अजून अभिमानाने सांगतात, आणि सांगावेतच. आपल्या गावांची अडचण एवढीच, की त्यांच्या अंधाराला तारखा नाहीत. सुरू कधी झाला हे कोणी टिपले नाही, आणि शस्त्रसंधीची घोषणा कोणी केली नाही. अभिमान बाळगायला निदान शेवटची तारीख तरी लागते.

दुसऱ्या महायुद्धात सरकारला असा अंधार राखणे जमले नव्हते. १९४२ मध्ये ब्रह्मदेश पडला, तिथल्या तेलविहिरी गेल्या आणि घासलेट रेशनवर आले. खेडी काळोखात गेली. पण तो काळोख नीट सांभाळला गेला नाही. पुढच्याच वर्षी त्याच काळोखात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सांगलीसकट, उभे राहिले, आणि रात्री कोण कुठून कुठे जातो याचा पत्ता इंग्रजांना शेवटपर्यंत लागला नाही. स्वराज्यात या चुकीची पुनरावृत्ती झालेली नाही. आताच्या काळोखात शेतकरी मोटर चालू करायला जातो आणि पाणी धरून पहाटे घरी येतो. त्याला दुसरे काही सुचायला वेळ राहत नाही.

त्यागाची खरी उंची मात्र कोयनेच्या खोऱ्यात बघावी. १९६२ साली पोफळीच्या भूमिगत वीजगृहातले पहिले संच सुरू झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात, चीनने धडक मारली असताना, यशवंतराव चव्हाण महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद सोडून दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे तेव्हापासून म्हटले जाते. ते खरेच आहे. सह्याद्रीतली सुमारे शंभर गावे तेव्हा धावतच होती. त्यांच्यामागे कोयना धरणाचे पाणी लागले होते. शेते, देवळे, खळी शिवसागर जलाशयाच्या तळाशी गेली आणि माणसे सातारा, सांगली, सोलापूर, रायगड, ठाणे, रत्नागिरी अशी पांगली. पुनर्वसनाचा कायदा राज्यात १९७६ साली आला. कोयनेच्या लोकांनी तो येण्याची वाट पाहिली नाही. कायद्याआधीच त्याग करून मोकळे होण्याची ही तत्परता नंतरच्या धरणग्रस्तांना साधलेली नाही.

वीज सह्याद्रीवरून थेट मुंबईकडे आणि कारखान्यांकडे गेली. हेही योग्यच झाले, कारण दिवा असला तर तो लावायला भिंत लागते, आणि पुष्कळांच्या भिंती पाण्याखाली होत्या. जलाशयापलीकडच्या काही वाड्यांनी तर कित्येक दशके रॉकेलच्या चिमणीवर काढली. खाली पाणी, पाण्यात वीज, आणि वर अभ्यास करणारे पोर चिमणीच्या धुराने डोळे चोळते आहे. ऊर्जाबचतीचे याहून शुद्ध चित्र मला माहीत नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला, कोयनानगर कोसळले, पावणेदोनशेच्या वर माणसे गेली. मुंबईचाही वीजपुरवठा थांबला. आपल्या दिव्याची दोरी कुठे बांधलेली आहे हे शहराला त्या दिवशी कळले. वीज परत आली आणि ते विसरण्याची सोय झाली.

आता पाण्याच्या नियोजनाकडे वळू, कारण तिथे आपल्या शहाणपणाने कळस गाठला आहे. कोयनेचे पाणी मुळात पूर्वेचे. ते कऱ्हाडला कृष्णेला मिळावे आणि उताराने सांगलीकडे जावे, ही निसर्गाची जुनाट योजना. आपण त्यातले वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसीपर्यंत पाणी डोंगराला भोक पाडून पश्चिमेला सोडतो. ते पावणेपाचशे मीटरच्या आसपास खाली पडते, वीज देते, आणि वाशिष्ठीतून समुद्राला मिळते. इकडे माण, खटाव, आटपाडी, जत कोरडे राहतात. म्हणून टेंभू, ताकारी, म्हैसाळ या योजना उभ्या केल्या. त्यांत उरलेले पाणी पंपांनी, टप्प्याटप्प्याने, चढावर उचलायचे. उचलायला वीज लागते. म्हणजे पाणी खाली टाकून वीज मिळवायची आणि वीज खर्चून पाणी वर चढवायचे. मधल्या काळात बिल थकते, पंप बंद होतात, आणि पंप बंद झाले की विजेची बचत होते. नंतर सरकारने बिलाचा ८१ टक्के भार स्वतःकडे घेतला आणि १९ टक्के शेतकऱ्याकडे ठेवला. माणसाला त्यागात वाटा असावा हे तत्त्व त्यामुळे शाबूत राहिले.

आणि शेतीपंपाची लाईट! आठवड्यातले काही दिवस थ्री फेज दिवसा, बाकीचे रात्री, अशी पाळी वर्षानुवर्षे चालली. दिवसा वीज कारखान्याला आणि शहराला हवी असते. ऊस तक्रार करत नाही, त्याला रात्री पाजले तरी चालते. पाजणाऱ्याने हातात बॅटरी घेऊन, सरीत साप आहे का बघत, कऱ्हाड-पाटण-शिराळ्याच्या उसात बिबट्याचा कानोसा घेत उभे राहायचे. सीमेवरचा जवान रात्री पहारा देतो याबद्दल आपण कृतज्ञ असतो. त्याचा बाप त्याच वेळी बांधावर उभा असतो, ही बाब मात्र अजून कोणत्या भाषणात ऐकली नाही. त्या बापाला पदक नको. डीपी जळाला तर तो आठवड्यात बदलून मिळावा, एवढीच त्याची अपेक्षा असते, आणि युद्धकाळ असल्यासारखी ती तो दाबून ठेवतो. अलीकडे सौर वाहिन्यांमुळे काही गावांत दिवसा वीज मिळू लागली आहे. परंपरेला धक्का बसतो आहे. पण तो सावकाश बसेल अशी चिन्हे आहेत.

वनकुसवडे आणि चाळकेवाडीच्या पठारांवर पवनचक्क्या फिरतात, हेही नमूद केले पाहिजे. पाणी दिले, मग वारा दिला. आता पठारावरच्या माणसाकडे देण्यासारखे ऊन उरले होते, तेही पॅनेलखाली चालले आहे. मागायला आलेल्याला रिकाम्या हाताने परत पाठवायचे नाही, ही इकडची रीत आहे, आणि मागणाऱ्यांना ती चांगली ठाऊक आहे.

या सुंदर व्यवस्थेला धोका एकच. कोयनेच्या धरणग्रस्तांना जमीन, रस्ता, शाळा आणि दिवा हे सगळे खरोखर मिळाले, तर त्याग संपेल आणि नुसते नागरिक उरतील. २०१८ मध्ये ते डॉ. भारत पाटणकरांच्या नेतृत्वाखाली कोयनानगरला ठिय्या देऊन बसले, तेव्हा हा धोका जवळ आला होता. बैठका झाल्या, आश्वासने दिली गेली, संकलन रजिस्टर अद्ययावत करण्याचे काम हाती घेतले गेले. कोणत्या खातेदाराचे किती गेले, कोणाला किती मिळाले, वारस कोण, हे सगळे त्यात लिहायचे असते. जमीन पाण्याखाली जाऊन साठ वर्षे झाली. ज्यांचे गेले त्यांच्यातले बहुतेक खातेदार आता नाहीत. मुलगे थकले. तेव्हा ज्या नातवाकडे सातबारा नाही आणि प्रकल्पग्रस्ताचा दाखला जीर्ण झालेला आहे, त्याने दाखल्याची नवी प्रत काढावी, आजोबांच्या मृत्यूची नोंद जोडावी, वारसांच्या सह्या घ्याव्यात आणि साताऱ्याला कलेक्टर कचेरीत पुन्हा अर्ज द्यावा. सकाळी लवकर निघावे. दुपारी कचेरीत लाईट गेली तर झेरॉक्स मिळत नाही.